मंगळवार-शुक्रवारची लुएला

३ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोप येत नसेल तर उठून लिहीत बसा. म्हटलं, लिहू काय? म्हणाल्या, मनात येईल ते. मनात येईल ते लिहायला लागलो तर बाईंना स्वतःलाच गोळ्या घ्याव्या लागतील.

तर लिहितो. मी लेम्युएल फ्रेझर, वय चौसष्ट. सॅव्हाना शहरातल्या चौकाचौकांतून पर्यटकांना भुतं दाखवत फिरवणं हा माझा धंदा. बावीस वर्षं झाली. ऑक्टोबरात, हॅलोविनच्या महिन्यात, तर नुसती झुंबड. सगळ्या देशाला याच महिन्यात घाबरायची हौस येते.

स्वतः एकही भूत पाहिलेलं नाही. नाहीतच, तर दिसणार कुठून? रिकामं घर आणि माझं तोंड, एवढ्यावर भूत तयार होतं. मॅडिसन चौकापलीकडची ती बिनमुंडक्याची बाई आहे ना, तिचं मुंडकं मीच उडवलं. एकदा लोकांची बस यायला उशीर झाला आणि वेळ काढायचा होता. आता ती छापील पुस्तिकेत आहे, आणि मागच्याच आठवड्यात एका बाईने मला शपथेवर सांगितलं की ती तिला दिसली.

लुएला असती तर हे ऐकून पोट धरून हसली असती. फेब्रुवारीत गेली ती. आठ महिने झाले. मी बहिणीच्या, ओडेसाच्या, मागच्या खोलीत राहतो. पंखा खडखडतो. बस्स, आज एवढंच.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी हॅस्केलने कचेरीत बोलावलं. हॅस्केल म्हणजे आमच्या कंपनीचा मालक. एकतीस वर्षांचं पोर, पण वागायला सभ्य. म्हणाला, "मिस्टर लेम, लॉटरी लागली! नवं भूत मिळालंय. आणि या वेळी तुम्ही बनवलेलं नाही हं, आपोआप आलंय."

एका गेस्टहाउसमधल्या पाहुण्यांचे अभिप्राय त्याने माझ्यापुढे टाकले. ओहायोचं एक जोडपं, टेक्सासच्या दोन बहिणी, आणखी कोण कोण. सगळ्यांचं म्हणणं एकच. पहाटे पाचला खालून बाईच्या गुणगुणण्याचा आवाज येतो. भाताचा आणि तळलेल्या सॉसेजचा वास येतो. सहाला खाली जावं तर स्वयंपाकघर लख्ख, चिटपाखरू नाही.

मी म्हटलं, "स्वयंपाकीण असेल."

"ती सातला येते. मालकीणबाईंनीच सांगितलं. आणि गंमत ऐका, हे फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी होतं."

मग मी पत्ता वाचला. प्राइस स्ट्रीटवरचं आमचं घर. एकतीस वर्षं भाड्याने राहिलो त्या घरात. लुएला गेल्यावर घरमालकाने विकलं. अटलांटाच्या कुणा बाईने घेऊन पिवळं रंगवलं. ओसरीच्या छताला आमच्याकडे असतो तो निळा रंग होता, भुतांनी आत येऊ नये म्हणून, तोही बाईंनी खरवडून पांढरा केला.

आणि मंगळवार-शुक्रवार! लुएला दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे चारला उठायची. चर्चमधली जी म्हातारी माणसं घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी टोमॅटो-सॉसेजचा लाल भात रांधायची. आठ डबे. आजारी पडेपर्यंत तिने एक वार कधी चुकवला नाही. मेल्यावरही चुकवत नाही म्हणायची!

मी हॅस्केलला यातलं काही बोललो नाही.

तो आपला सुटलाच होता. "गोष्ट तुम्हीच बनवा. जुन्या काळातली गुलाम स्वयंपाकीण, मालकाच्या ताटात विष... असं काहीतरी. पुढच्या शनिवारी मालकीणबाई स्वतः ऐकायला येणार आहेत. तुम्हाला नसेल जमत तर कॉनरला सांगतो." कॉनर म्हणजे नाटकाच्या कॉलेजातलं पोरगं. काळी टोपी घालतो आणि कुजबुजत बोलतो.

विष म्हणे! लुएलाच्या भातात!

७ ऑक्टोबर, शनिवार

झोप नाही. फोरसाइथ पार्कला चार फेऱ्या मारल्या.

सरळच लिहितो, इथे कोण वाचणार आहे. मला राग आलाय. छत्तीस वर्षांचा संसार. शेवटचे तीन महिने मी तिला उचलून बाथरूमला नेलं. आणि बाईसाहेब येतात कुणाकडे, तर ओहायोच्या लोकांकडे! माझ्याकडे एकदाही नाही. स्वप्नातसुद्धा नाही.

भुतं नसतात हे मला ठाऊक आहे. पण असतीलच, तर काही रीतभात नको का?

१० ऑक्टोबर, मंगळवार

पावणेपाचला घरासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. ओडेसाला सांगितलं, फिरायला जातो. ती म्हणाली, "जा बाबा, जा. झिजव बूट."

पाचला सुरू झालं. खिडकीत बारीकसा उजेड. आधी फोडणीचा वास, कांदा, ढोबळी मिरची, धुरावलेलं सॉसेज. मग गुणगुणणं. गाणं तेच, चर्चमधलं. शब्द आठवले नाहीत की लुएला नुसतं "हंहं" करत ओढायची, तेही तसंच. चौथ्या ओळीला तिचा सूर घसरायचा. तिथेच घसरला.

समोरच्या घराच्या पायरीवर बसलो. जाऊन दार ठोठवावं एवढी अक्कल सुचली नाही. खरं तर सुचली होती, धीर झाला नाही. साडेपाचला उजेड गेला. मी पुढच्या बाजूला बसलेला, त्यामुळे मागून काय झालं कळलं नाही. अर्थात मागून काय व्हायचंय! विरून गेली असणार.

घरी येऊन ओडेसाशी भांडलो. कारण? कॉफी पातळ होती.

तिने कप काढून घेतला आणि समोर बसली. म्हणाली, "तुझं बिनसलंय ते कॉफीमुळे नाही. सांग."

सगळं सांगितलं. वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, "लेम, घर सोडताना तिला हाक मारली होतीस?"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. लहानपणी किनाऱ्यालगतच्या बेटावर राहणाऱ्या आजीकडून निघालो की आई फाटकाशी थांबायची, मागे वळून एकेकाला नावाने हाक मारायची. "चल ओडेसा, चल लेम, घरी चला, कुणी मागे राहू नका." आम्ही तिच्या स्कर्टला धरून उभे असायचो तरी हाक मारायचीच. शरीर निघतं पण जीव खेळात रमलेला असतो, म्हणायची. त्याला सांगावं लागतं. मयताच्या वेळीही घरातून निघताना असंच. सगळ्या बेटावर हीच रीत.

मी म्हटलं, "ती मेली होती, ओडेसा."

"म्हणून तर विचारते."

नव्हती मारली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मी कागदपत्रं शोधत होतो. आणि मार्चमध्ये घर सोडलं तेव्हा दोन्ही हातांत खोकी होती, दार पायाने ओढलं.

"तुझ्यासारखा मूर्ख मी पाहिला नाही," ओडेसा म्हणाली. "जगाच्या भुतांना नावं देत फिरतोस, आणि स्वतःच्या बायकोला नावाने हाक मारायला विसरतोस!"

११ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर तेच डोक्यात. पिरपिर. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जायचं कळत नाही.

दुपारी आमच्या चर्चमधल्या डीकन पिंकनींचा फोन आला. एकोणनव्वद वय, अंथरुणाला खिळलेले. म्हणाले, "लेम, कालचा लाल भात झकास होता. अगदी लुएलाच्या हातचा." मी म्हटलं, "डीकन, लुएला जाऊन आठ महिने झाले." म्हणाले, "ते मला ठाऊक आहे रे. मी भाताबद्दल बोलतोय."

म्हाताऱ्याचं डोकं चळलं. वाईट वाटलं. त्यांना भेटायला जायला हवं, आठ महिने नुसतं म्हणतोय.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

हॅस्केलने कॉनरची गोष्ट वाचायला दिली. "विषारी बेट्सी." बेट्सी म्हणे मालकाच्या सहा मुलांना भात खाऊ घालून मारते, मग तिला ओसरीवर फाशी देतात, आणि ती पहाटे रांधत गुणगुणत पुढचं गिऱ्हाईक शोधते. पाहुण्यांना वर जाताना एक-एक घास भात चाखायला द्यायचा, अशीही सूचना होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कागद फाडले. चार तुकडे केले, मग आठ.

हॅस्केलने तुकडे गोळा केले. मग म्हणाला, "मिस्टर लेम, तुम्हाला आवडली नाही एवढं कळलं. मग तुमची द्या. शनिवारी सहाला तिथे कुणीतरी काहीतरी सांगणारच. मालकीणबाई तर सोमवारी स्वयंपाकघरात कॅमेरा बसवतायत, भूत पकडायला. चित्र मिळालं तर वर्षभर घर भरलेलं राहील."

कॅमेरा! आयुष्यभर फोटो काढायचा म्हटलं की लुएला तोंडावर हात धरायची.

ठरवलं. उद्या शुक्रवार. आत जायचं, उंबऱ्यात उभं राहून हाक मारायची आणि तिला तिथून काढायचं. मी भुतं मानत नाही. पण कुणी बघतही नाहीये.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आता दुपारचे दोन. जेवलो नाही. क्रमाने लिहितो.

पाचला मागच्या बाजूने गेलो. मागचं दार तेच आहे, फक्त रंगवलंय. थोडं वर उचलून ढकललं की कडी आपोआप पडते. एकतीस वर्षांत मी ते दुरुस्त केलं नाही म्हणून लुएला मला बोलायची. दार उघडलं. गुणगुणणं चालू होतं. मी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"आई गं!" असं कुणीतरी किंचाळलं, आणि पातेल्यावरचं झाकण माझ्या पायावर येऊन आदळलं.

शेगडीपाशी टमिका उभी होती. टमिका ग्रीन. चर्चच्या गानवृंदात लुएलाच्या शेजारी उभी राहायची ती. दोन मुलांची आई, या गेस्टहाउसमध्ये न्याहारी करायला असते. सातला येणारी स्वयंपाकीण ती हीच.

"मिस्टर लेम! जीव गेला असता ना माझा!"

मी म्हटलं, "तू आहेस होय!"

"मग कोण असणार?"

काय सांगू तिला? मला इतका राग आला की मी ओरडलो. हे घर काय तुझ्या बापाचं आहे, हे गाणं काय तुझं आहे, चौथ्या ओळीला घसरायला तुला कुणी सांगितलं, असलं काहीही बोललो. मग खाली बसलो, फरशीवरच, आणि रडलो. फेब्रुवारीत रडलो नव्हतो. तिथे रडलो, अटलांटाच्या बाईच्या नव्या फरशीवर. टमिकाने गॅस बारीक केला आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"हळू रडा," म्हणाली. "वर पाहुणे आहेत."

मग तिने सांगितलं. लुएला आजारी पडली तेव्हा डब्यांचं काम तिनेच टमिकाकडे सोपवलं. "मिस लुएला म्हणाल्या, लेमला सांगू नकोस. त्याला वाटेल मी मरणार आहे." पहिले महिने ती स्वतःच्या घरी रांधायची. पण तिची शेगडी दोन बर्नरची, आठ डब्यांचा भात त्यावर होईना. इथे नोकरी लागली आणि बघते तर तीच शेगडी. मग मंगळवार-शुक्रवार पहाटे यायची, भात-सॉसेज सगळं स्वतःचं आणायची, साडेपाचला आवरून मागच्या दाराने डबे पोहोचवायला जायची आणि सातला पुढच्या दाराने कामावर हजर.

"मालकीणबाईंना विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. नाही म्हणाल्या. विम्याचं काहीतरी." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "सोमवारी कॅमेरा लागणार, मिस्टर लेम. मंगळवारी मी घरी बसणार. आणि ते आठ जण?"

गाण्याचं विचारलं. तर म्हणाली, "अहो, मी ते त्यांच्याकडूनच शिकले. मला वाटायचं ते तसंच आहे."

मी डबे पोहोचवायला गेलो तिच्याबरोबर. आठही घरी. डीकन पिंकनी मला बघून म्हणाले, "अखेर तू उगवलास! आज दहा मिनिटं उशीर झाला." मिसेस गॅडस्डेन यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. आठ महिने मी या शहराला बिनमुंडक्याच्या बायका दाखवत हिंडलो. लुएलाच्या माणसांना कोण जेवू घालतंय, हे एकदा विचारलं नाही. लाज वाटली. लिहितानाही वाटतेय.

भूत नाही. म्हणजे ती तिथेही नव्हती. हे समजल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट आज ती दुसऱ्यांदा गेली.

ओडेसाला सांगितलं. ती म्हणाली, "टमिका होती म्हणून लुएला नव्हती, असं कुणी सांगितलं तुला? हाक मारलीस का?"

"नाही. झाकण पडलं पायावर."

"मग?"

या बाईपुढे डोकं फोडून काय उपयोग.

१४ ऑक्टोबर, शनिवार

अडतीस माणसं होती. सहा वाजता, चांगला उजेड होता अजून. मालकीणबाई ओसरीवर पांढऱ्या खुर्चीत बसल्या होत्या. हॅस्केल मागे. कॉनर टोपी घालून झाडाखाली, माझी फजिती बघायला. टमिका खिडकीत भांडी पुसत होती, एकच भांडं, पुन्हा पुन्हा.

काय बोलायचं ते मी ठरवून गेलो नव्हतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हटलं, "या घरात भूत आहे. तिचं नाव लुएला फ्रेझर. तिने कुणाला विष घातलं नाही, तिला कुणी फाशी दिलं नाही. या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं ती आठ म्हाताऱ्या माणसांसाठी भात रांधत होती, आणि फेब्रुवारीत कॅन्सरने गेली. ती माझी बायको."

मोबाइल खाली आले. मग मी सांगत सुटलो. ती भातात पाणी बोटाच्या पेराने मोजायची ते. शेजाऱ्यांच्या कोंबड्याशी तिचं वैर होतं ते. मी कामावरून आलो की आज किती जणांना फसवलंस म्हणून विचारायची ते. लोक हसले, कुणी डोळे पुसले. टेक्सासची एक बाई म्हणाली, "मी तो वास घेतलाय." मी म्हटलं, "नशीबवान आहात. मला रोज मिळायचा, तेव्हा किंमत नव्हती."

मग मुद्द्यावर आलो. ओसरीकडे बघून म्हटलं, "पण या भुताचे काही नियम आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे साडेपाचपर्यंत स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही. आणि कॅमेरा तर अजिबात नाही. तिला फोटोचा तिटकारा. कॅमेरा लावला की ती कायमची निघून जाईल. मग हे घर म्हणजे रस्त्यावरचं आणखी एक पिवळं घर."

मालकीणबाईंनी हॅस्केलकडे बघितलं. हॅस्केलने खांदे उडवले आणि म्हणाला, "भुतांच्या बाबतीत मिस्टर लेमचा शब्द शेवटचा." बाई म्हणाल्या, "नाही, नाही, कॅमेरा कशाला! राहू दे." खिडकीतलं भांडं एकदाचं खाली ठेवलं गेलं.

चांगलं खोटं होतं. मी आजवर सांगितलेलं सगळ्यात चांगलं. पण त्या खोट्यातलं तिचं सगळं खरं होतं, आणि ते मी आठ महिन्यांत कुणापाशी बोललो नव्हतो. पुढचा चौक वाट बघत होता, मागून दुसऱ्या कंपनीचा गट येत होता. निघायला हवं होतं.

निघालो. फाटकापर्यंत आलो आणि थांबलो. अडतीस माणसं माझ्यामागे थांबली.

मागे वळून मोठ्याने म्हणालो, "चल, लुएला. मागे राहू नकोस. घरी जाऊ."

लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना वाजवू दिल्या, आणि चालायला लागलो.

अर्धा रस्ता गेलो असेन, हॅस्केल धावत शेजारी आला. "मिस्टर लेम, पाय उचला ना जरा! मागचा गट आपल्या अंगावर येतोय. तुम्ही एवढे हळू कधी चालत नाही."

म्हटलं, "घाई करू नकोस रे. तिचे गुडघे दुखतात."